बारा सेकंदसुद्धा मन टिकत नाही, मग ध्यान सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे बडोद्याचेच, वय ४७, मकरपुऱ्याकडे एका कंपनीत अकाउंट्स बघतात. तीन वर्षं योगाच्या क्लासला जातायत, आसनं आणि प्राणायाम छान चाललंय. आठ महिन्यांपूर्वी सरांनी सांगितलं की आता ध्यानाला बसा, तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास, बहुतेक वेळा भुवयांच्या मध्ये लक्ष लावून बसतात. कुठेतरी वाचलं की मन १२ सेकंद एका जागी राहिलं की धारणा होते, म्हणून मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पाहिलं, तर सात-आठ सेकंदांच्या वर मजल जात नाही. क्लासमधल्या एकांना निळा प्रकाश दिसतो, यांना फक्त कपाळ दुखताना जाणवतं. घर लहान, आईचा टीव्ही सकाळी सहापासून सुरू. बायको म्हणते, "ध्यान करून उठलात की नेहमीपेक्षा जास्त चिडता." त्यांचा प्रश्न: "ताई, माझ्यात एकाग्रताच नाही असं समजायचं का? दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ, की सरळ सोडून देऊ?"

दादा,

सगळ्यात आधी ते स्टॉपवॉच बंद करा. चेष्टा नाही करत. १२ सेकंद झाले का हे कळायला घड्याळाकडे बघावं लागणार, आणि डोळे मिटलेले असले तरी अर्धं मन तिकडेच बसलेलं असणार, "झाले का, झाले का" करत. म्हणजे ज्या मनाला तुम्ही एका जागी बसवताय त्यालाच वॉचमनची ड्यूटीपण दिलीय. सात-आठ सेकंद टिकलं हेच खूप म्हणायचं.

आता हे १२ सेकंद आले कुठून ते सांगते, कारण हा आकडा खूप जणांच्या डोक्यात बसलाय. स्वामी विवेकानंदांच्या राजयोगावरच्या पुस्तकात तो आहे. १२ सेकंदांची एक धारणा, अशा १२ धारणांचं एक ध्यान, अशा १२ ध्यानांची एक समाधी. हिशोब तुम्ही केलाच असेल, धंदाच तुमचा तो, १४४ सेकंद म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद, आणि १७२८ सेकंद म्हणजे २८ मिनिटं ४८ सेकंद. त्यांनी तिथे कूर्मपुराणातल्या भागाचा मोकळा अनुवाद दिलाय, आणि मूळ श्लोकात सेकंद नाहीतच, सेकंद तेव्हा कुठून येणार, तिथे मोजणी प्राणायामाच्या मापाने आहे. आणि योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी तर वेळ सांगितलेलीच नाही, एक मिनिट नाही की अर्धं मिनिट नाही. त्यांची व्याख्या तीन शब्दांची आहे, "देशबन्धश्चित्तस्य धारणा". देश म्हणजे जागा, आणि त्या जागेला चित्त बांधणं म्हणजे धारणा. बस, एवढंच. किती वेळ, याबद्दल त्यात काहीच नाही.

आणि इथेच मला वाटतं तुमचा घोळ झालाय, तुमचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचाच. आपण म्हणतो "ध्यानाला बसतो". खरं तर ध्यानाला बसता येत नाही. रात्री आपण अंथरुणावर आडवे होतो, दिवा घालवतो, पांघरूण घेतो, एवढंच आपल्या हातात, झोप येते तेव्हा येते. तसं आपण बसतो ते धारणेला. त्या बांधलेल्या जागी जाणीव सलग वाहायला लागली की त्याला ध्यान म्हणायचं, हे पुढचं सूत्र. जुने लोक सांगतात की धारणा म्हणजे थेंब थेंब पाणी आणि ध्यान म्हणजे तेलाची धार. तुम्ही आठ महिने धारणेचा अभ्यास करताय आणि रोज मार्क देताय ध्यानाच्या पेपरचे, मग नापास नाही होणार तर काय.

अजून एक गंमत बघा. योगसूत्रांचा दुसरा पाद, म्हणजे दुसरं प्रकरण, यम-नियमांपासून प्रत्याहारापर्यंत, म्हणजे इंद्रियं आत वळवण्यापर्यंत येतो आणि तिथे संपतो. धारणा तिसऱ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात येते. योगाच्या आठ अंगांपैकी पहिली पाच बाहेरची, धारणा, ध्यान, समाधी ही तीन आतली. मधे पान उलटायला लागतं. तुम्ही तीन वर्षं आसनं-प्राणायाम केलीत म्हणजे पुढची पायरी आपोआप तितक्याच हुशारीने जमेल असं तुम्ही धरून चाललात, पण इथे हुशारी वेगळी लागते. आसनात जोर लावला तर निदान काहीतरी ताणलं जातं, इथे जोर लावला की कपाळ दुखतं.

"माझ्यात एकाग्रताच नाही", हे वाक्य मला मुळीच पटलेलं नाही. मार्चएन्डला ट्रायल बॅलन्समध्ये २७० रुपयांचा फरक येतो तेव्हा काय करता तुम्ही? २७० ला ९ ने भाग जातो म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, १६३० च्या जागी कोणीतरी १३६० मारलेत, हे तुम्हाला लगेच सुचतं आणि मग तुम्ही व्हाउचरमागून व्हाउचर काढत बसता, बाजूला चहा गार होतो, बायकोचे दोन मिस्ड कॉल पडतात आणि पत्ता नसतो. हे कोण करतं? मन नसलेला माणूस? व्यासांनी योगसूत्रांवरच्या भाष्यात मनाच्या पाच अवस्था सांगितल्यात, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. त्यातली मधली, विक्षिप्त, म्हणजे वेडं नव्हे हं, आपण मराठीत त्या शब्दाची वाट लावलीय, तर मधूनमधून स्थिर होणारं आणि पुन्हा सुटणारं मन. आपण बहुतेक सगळे तिथेच असतो. फरक एवढाच की २७० रुपयांचा फरक तुम्हाला स्वतः ओढून घेतो. त्याच्यात रस आहे, बॉसची भीती आहे, सापडल्यावरचा आनंद आहे. भुवयांमधली जागा किंवा श्वास तुम्हाला ओढून घेत नाही. तो आला काय, गेला काय. धारणेत अशा जागी मन ठेवायचं असतं जी काही लालूच दाखवत नाही, म्हणून ती नवीन कला आहे आणि नवीन कलेत आठ महिने म्हणजे काहीच नाही.

पतंग उडवता ना? बडोद्यात राहून उत्तरायणाला गच्चीवर गेला नाहीत असं होणार नाही. माझा नवरा चांगला उडवायचा, मी फिरकी धरणारी, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्याच्या बोटाकडे. पहिल्या बोटाला पट्टी गुंडाळलेली आणि त्याच्यावरून दोरा. वर पतंग म्हणजे एक टिकली, नीट दिसतसुद्धा नाही, पण वारा पडला, दोरा ढिला झाला की आधी बोटाला कळतं, डोळ्याला नंतर. मधेच शेजारच्या गच्चीवरचे कोणी हाक मारणार, कोणी चिक्की पुढे करणार, हा त्यांच्याशी बोलणार, आणि तेवढ्यात दोरा पोटात लोंबायला लागणार, की लगेच दोन हात खेचून घेणार. ओढ लागली की ढील, ढिला पडला की खेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं शंभर वेळा होतं. आता मला सांगा, दोरा शंभर वेळा ढिला पडला म्हणून कोणी रडत खाली आलाय का, की मला पतंग येतच नाही? ढिला पडलेला कळणं आणि परत खेचून घेणं यालाच पतंग उडवणं म्हणतात. नुसतं खेचत राहिलं तर काय होतं तेही तुम्हाला माहितेय.

तुमच्या अर्ध्या तासात मन चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा तुम्हाला कळलं की पळालं, तर त्या चाळीस वेळा धारणा झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच आहे, मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. जाऊच नये असं कुठे लिहिलंय? तुम्ही पळणं मोजत होतात, परत येणं कधी मोजलंच नाही. आता ते मोजू नका म्हणजे झालं, नाहीतर उद्या एक्सेल शीट कराल.

कपाळाबद्दल. मी तिशीत असताना एका ठिकाणी शिकायला जायचे, तिथेही हेच, भुवयांच्या मध्ये बघा, अजून बघा. मी इतकी मन लावून बघायचे की मिटलेल्या डोळ्यांची बुबुळं वर चढवून, दात आवळून, खांदे कानापर्यंत नेऊन बसायचे, आणि उठल्यावर पहिला जो समोर येईल त्याच्यावर फुटायचे, बहुतेक वेळा दूधवाला. कोणी माझ्या जबड्याकडे बघितलंच नाही. लक्ष देणं आणि स्नायू आवळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला खूप उशिरा कळलं. तर ती जागा तुमच्यासाठी आत्ता नको. व्यासांनी जागांची यादीच दिलीय, बेंबीचा भाग, हृदय, डोक्यातला प्रकाश, नाकाचं टोक, जिभेचं टोक, वगैरे, किंवा बाहेरची कुठली वस्तू. आणि पतंजली पहिल्या पादात तर सरळ मोकळीक देतात, "यथाभिमतध्यानाद्वा", तुला जे आवडेल त्याचं. इतका उदार माणूस, आणि आपण त्यांच्या नावावर डोकं दुखवून घेतो.

निळ्या प्रकाशाचं फार मनावर घेऊ नका. दिसला तर दिसला. डोळे मिटून बराच वेळ बसलं की रंग, ठिपके, आकार पुष्कळ जणांना दिसतात, काहींना नाही दिसत. पतंजलींच्या, अभ्यासातल्या नऊ अडथळ्यांच्या यादीत भ्रांतिदर्शन हाही एक आहे, म्हणजे जे नाही ते दिसणं किंवा चुकीचं समजणं. मी असं म्हणत नाही की तुमच्या मित्राचं तसंच आहे, मला काय माहीत. पण त्यांच्या डोळ्यामागे काय दिसतं यावरून तुम्ही तुमची प्रगती ठरवू नका.

दांडिया बाजारच्या बाजूला लहानाचे मोठे झालेले लोक अजून एक गोष्ट सांगून घाबरवतात, ती म्हणजे अरविंदबाबूंची. १९०८ च्या जानेवारीत, सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, श्री अरविंद बडोद्याला आले, इथे विष्णू भास्कर लेले नावाच्या आपल्या मराठी योग्यांबरोबर मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत बसले आणि तीन दिवसांत त्यांचं मन पूर्ण शांत झालं. हे खरं आहे, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पण सांगणारे दोन गोष्टी गाळतात. एक, त्याच्या आधी काही वर्षं ते रोज तासन् तास प्राणायाम करत होते. दुसरी, लेल्यांनी त्यांना एका जागी मन बांधायला सांगितलंच नव्हतं, त्यांनी सांगितलं की विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधीच त्यांना परतवा. वेगळी रीत, वेगळा माणूस. आणि तुम्हाला सकाळी नऊची कंपनीची बस पकडायचीय.

बायकोच्या तक्रारीवर येते, कारण सगळ्या पत्रात मला तीच ओळ महत्त्वाची वाटली. मन विखुरलेलं असलं की सोबत काय काय येतं हे पतंजलींनी एका सूत्रात दिलंय, दुःख, दौर्मनस्य, अंगाची चुळबूळ, श्वास वरखाली. यातलं दौर्मनस्य म्हणजे इच्छेला खीळ बसली की मनात उठणारी खळबळ, व्यासांनी असाच अर्थ दिलाय. तुमची इच्छा होती १२ सेकंदांची, रोज पहाटे तिला खीळ बसते, आणि चहाच्या वेळी ती वहिनींवर निघते. म्हणजे चिडचिड ध्यानामुळे नाही, परीक्षेमुळे आहे. याच्यावरचा उपाय लगेच पुढच्या सूत्रात आहे, एकाच गोष्टीचा अभ्यास. एकाच. आठ महिन्यांत तुम्ही भुवयांचा मध्य, ॐ, मेणबत्ती, यूट्यूबवरचं गायडेड असं चार वेळा बदललंत असं पत्राच्या शेवटी लिहिलंयत, मला ते वाचून हसू आलं, कारण मीही केलंय.

शिबिराचं म्हणाल तर माझं मत असं. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर चांगलंच असतं, फी नसते, स्वखुशीने दान द्यायचं, पण ते हलकं काम नाही, मौन असतं, रोज साधारण दहा तास बसायचं असतं, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकापाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. म्हणजे तिथे जाऊनही सुरुवात यापासूनच. आत्ता ज्या मनःस्थितीत तुम्ही आहात, त्यात जाल तर दहा दिवसांची परीक्षा देऊन याल. घरी दोन-तीन महिने शांतपणे बसून मग जा, हरकत नाही. दुसरा पर्याय लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेली योगसंस्था. ते मूळचे आपल्या डभोईचे, बडोद्यात माणिकरावांकडे व्यायाम शिकले आणि नर्मदेकाठी मालसरला माधवदासजींकडे योग. तिथे आसन-प्राणायामाच्या क्रमाने पुढे नेतात, तुमच्या आत्तापर्यंतच्या सवयीला ते जवळचं पडेल. आणि सोडून देणं हाही पर्याय आहे, त्यात पाप नाही. आसनं आणि प्राणायाम एवढंच करून सुखाने राहणारे कितीतरी लोक आहेत. फक्त "मला जमत नाही" म्हणून सोडू नका, कारण जमतंय. "मला नकोय" म्हणून सोडा.

राहायचं असेल तर असं करून बघा. आणि हे मी बाकीच्यांसाठीही लिहितेय, अभ्यासाला बसताना मन लागत नाही म्हणणाऱ्या पोरांसाठी, आणि रिटायर झाल्यावर आता वेळच वेळ म्हणून एकदम तासभर बसणाऱ्यांसाठी. अर्धा तास बंद, बारा मिनिटं बसा. हो, बाराच, तुमचा आकडा तुम्हाला परत देतेय. आधी चार-पाच आसनं, मग पाच मिनिटं अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. हे आधी का, तर पतंजलींनीच म्हटलंय की प्राणायामाने मन धारणेला लायक होतं, तुमच्या तीन वर्षांचा उपयोग इथे आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा, कोणी बघत नाही. जागा एकच निवडा, मी म्हणेन नाकपुड्यांच्या कडेला श्वास लागतो ती, आत येताना किंचित गार, बाहेर जाताना किंचित कोमट. तेवढंच. श्वास मोठा करायचा नाही, ओढायचा नाही, उंबऱ्यावर बसून येणारे-जाणारे बघावेत तसं. मन गेलं की कळेल, कळलं की जबडा सैल आहे ना ते बघायचं, आणि परत. "अरे परत गेलो" असं वाक्य मनात आलं तर तोही एक विचारच, त्याच्याशी भांडायचं नाही. निदान दीड महिना जागा बदलायची नाही. एखाद्याला श्वासावर घुसमटायला होतं, त्यांनी देवापुढचं निरांजन घ्यावं, थोडा वेळ बघावं आणि मग डोळे मिटावेत, पण डोळ्यांचा काही आजार असेल तर एकटक बघायच्या भानगडीत पडू नये. आणि बसल्यावर जुनी भीती वर येत असेल, झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर बसणं थांबवून आधी डॉक्टरांशी बोला, तिथे जिद्द नको.

आईच्या टीव्हीचं काय? काही नाही. तुम्ही लिहिलंयत की टीव्ही सुरू असताना आई हातात जपमाळ घेऊन बसलेल्या असतात. कधी नीट बघा त्यांच्याकडे. जाहिराती लागल्या काय आणि सिरियलमधली सासू किंचाळली काय, मणी पुढे सरकत असतो. त्यांना तुम्ही आवाज कमी करा म्हणून सांगायच्या आधी त्यांना हे कसं जमतं ते विचारा. माझा अंदाज आहे की त्या म्हणतील, "कुठे काय जमतं रे, चुकतं की, मग परत धरते."

आणि ऑफिसातही कपाळ दुखत असेल तर ते ध्यानाला बसण्यामुळेच असेल असं धरू नका, सत्तेचाळीसाव्या वर्षी दिवसभर स्क्रीन आणि छापील व्हाउचर आलटून पालटून बघताय, चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या.

मोबाइल मात्र बसायच्या खोलीत नको. स्वयंपाकघरात वहिनींकडे ठेवा, आणि त्यांनाच सांगा बारा-एक मिनिटांनी हाक मारायला. त्या चहा गाळून झाल्यावर मारतील, कधी दहा मिनिटांनी, कधी पंधरा. हाक आली की उठायचं.